सेकंदाला आठ चित्रे : प्रस्तावना

१९९३च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ लागत असे. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्याकडे शेजारपाजारची पोरे येऊन बसत. त्या मालिकेतल्या शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, हिंदी शीर्षकगीत गुलजारांचे आणि चाल विशाल भारद्वाज यांची, हे आज चाळिशीत पोचलेला प्रेक्षक झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. पण पडद्यावरचा मोगली चितारला कोणी? फांदीवरून फांदीवर जाताना त्याचे अंग कसे झुकेल, बगिराच्या पाठीचा कणा चालताना कसा लवेल, हे कोणी ठरवले? ती मालिका टोकियोच्या निप्पॉन ॲनिमेशनची. फुमिओ कुरोकावा हे तिचे दिग्दर्शक. १९८९-९०मध्ये तिचे ५२ भाग जपानमध्ये दाखवले गेले. प्रत्येक भागामागे कागदावर पेन्सिलीने काढलेली हजारो चित्रे होती आणि ती काढणारे कितीतरी हात होते.

हे पुस्तक त्या हातांविषयी आहे. टीव्हीसाठी चित्रे काढणारा ॲनिमेटर या धंद्यात शिरतो कसा, शिकतो कोणाकडून, पायरी-पायरीने वर कसा जातो, पोट कशावर भरतो, आणि महाराष्ट्रात हात असूनही तशी पायरी का बांधली गेली नाही, हा त्याचा विषय. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड इथे वहीच्या मागच्या पानावर डोरेमॉन काढणारी मुले या विषयापासून वाटतात तेवढी लांब नाहीत. त्यांना, त्यांच्या पालकांना आणि त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षकांना समोर ठेवूनच ते लिहिले गेले आहे.

आधी काम समजून घेतले पाहिजे.

चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीला नवे चित्र काढायचे म्हटले, तर एका मिनिटाला १,४४० चित्रे लागतील. डिस्नेच्या परंपरेत साधारणपणे दोन चौकटींना एक चित्र पुरवले जाई, म्हणजे सेकंदाला बारा, आणि जलद हालचालीला त्याहून जास्त. जपानी टीव्हीने हा हिशेब आणखी ताणला आणि एक चित्र तीन चौकटींना वापरले. सेकंदाला आठ चित्रे. या पुस्तकाचे नाव तिथून आले.

ही आठ चित्रे एकच माणूस काढत नाही. हालचालीतल्या मोक्याच्या अवस्था ‘की ॲनिमेटर’ काढतो. दोन अवस्थांच्या मधली चित्रे ‘इनबिटवीनर’ भरतो. त्याच्यापुढे काचेखाली दिवा असलेले टेबल असते. कागदांना एकसारखी भोके पाडून ते खुंट्यांवर अडकवलेले असतात, म्हणजे चित्र तसूभरही हलत नाही. बोटांत पाच-सहा कागद धरून ते भराभर उलटत राहायचे आणि हालचाल जिवंत झाली का ते डोळ्यांनी तपासायचे. कोणते चित्र किती चौकटी टिकेल हे सोबतच्या तक्त्यावर लिहिलेले असते. सगळ्यांच्या चित्रांवरून शेवटचा हात फिरवून पात्राचा चेहरा सर्वत्र एकसारखा ठेवणारा तो ‘ॲनिमेशन दिग्दर्शक’.

या धंद्यातला एक जुना सराव पाहा. जड हातोडा उचलून जमिनीत खुंट ठोकणारा मुलगा पाच-सहा चित्रांत दाखवायचा. नवखा चित्रकार हातोडा आणि हात एकदम वर नेतो, आणि हातोडा कागदाचा वाटतो. जाणता माणूस आधी मुलाचे पाय फाकवतो, कंबर मागे नेतो, खांदे ताणतो. हातोडा अजून जमिनीवरच असतो. मग तो सगळ्यात शेवटी निघतो, डोक्यावर गेल्यावर क्षणभर मुलाचा तोल घालवतो, आणि खाली येताना मध्ये एकही चित्र न लावता थेट खुंटावर आदळतो. वजन हातोड्याच्या चित्रात नसतेच. मुलाच्या कंबरेत आणि गाळलेल्या चित्रात असते. ॲनिमेटरची सगळी उमेदवारी ही एवढी गोष्ट अंगात मुरवण्यासाठी असते.

आता दोन माणसांची गोष्ट. दोघांचाही जन्म १९३१चा. एक यासुओ ओत्सुका, जपानच्या शिमाने प्रांतातल्या त्सुवानो या छोट्या गावचे. लहानपणी त्यांना वाफेच्या इंजिनांचे वेड होते आणि ती तासन् तास पाहून ते कागदावर उतरवत. पूर्णा जंक्शनच्या आसपास वाढलेल्या कोणालाही हे वेड समजावून सांगावे लागणार नाही. मोठेपणी ते सरकारच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्यात नोकरीला लागले. दुसरे राममोहन. मद्रासला रसायनशास्त्र शिकून पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईत आले. १९५६ साली टोकियोत तोएई या चित्रपट कंपनीने ॲनिमेशनचा स्टुडिओ काढला आणि त्याच वर्षी मुंबईत केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून फिल्म युनिट सुरू केले. ओत्सुका खाते सोडून तिकडे गेले. राममोहन रसायनशास्त्र सोडून इकडे आले.

मुंबईच्या युनिटला शिकवायला अमेरिकेच्या तांत्रिक मदत योजनेतून क्लेअर वीक्स आले. ‘बांबी’ आणि ‘पीटर पॅन’वर काम केलेला डिस्नेचा हा ॲनिमेटर भारतातच जन्मलेला होता. त्यांच्या हाताखाली जातककथेवरचा ‘द बनियन डीअर’ १९५७ साली पुरा झाला. तोएईचा पहिला मोठा रंगीत चित्रपट ‘हाकुजादेन’ १९५८चा. सुरुवातीच्या रेषेवर मुंबई आणि टोकियो जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभी होती.

मुंबईचे हे हात आकाशातून पडलेले नव्हते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांभरिक खरोलिका’ सुरू केली, तेव्हापासून काचेवर रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडात मराठी प्रेक्षकांपुढे हलत होती. दादासाहेब फाळक्यांनी भांडवलदाराला विश्वास वाटावा म्हणून वाटाण्याचे रोप उगवताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली. पुढे १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. प्रभातने १९३४ साली रघुनाथ केळकरांकडून ‘जंबुकाका’ हे व्यंगचित्र करून घेतले. फिल्म्स डिव्हिजनच्या युनिटमध्ये जी. के. गोखले होते आणि व्ही. जी. सामंत होते. सामंतांनी पुढे २००५ साली मिलिंद उके यांच्यासोबत ‘हनुमान’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित केला.

मग वाटा फुटल्या त्या कुठे? १ जानेवारी १९६३ या दिवशी.

त्या दिवशी जपानच्या फुजी टीव्हीवर ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका सुरू झाली. बाहेरच्या जगात तिला ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणतात. दर आठवड्याला अर्धा तास, आणि १९६६च्या अखेरपर्यंत १९३ भाग. हाताशी माणसे थोडी, पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. तेझुकांच्या लोकांनी काटकसरीची एक रीतच बसवली. तीन चौकटींना एक चित्र. बोलताना सगळा चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, तेही मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे अशा तीन चित्रांत. एकदा काढलेले उडण्याचे दृश्य जपून ठेवायचे आणि पुढच्या भागात पार्श्वभूमी बदलून पुन्हा वापरायचे. हालचाल परवडत नसेल तिथे स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा.

तोएईतल्या जुन्या मंडळींना हे ॲनिमेशन वाटलेच नाही. पण या रीतीने एक गोष्ट दिली जी आधी कोणाकडेच नव्हती : दुधाच्या रतीबासारखे न चुकणारे काम. दर आठवड्याला भाग पोचलाच पाहिजे. तो पोचवायचा तर दर आठवड्याला नवी पोरे भरती करायला हवीत, त्यांना शिकवायला हवे, जमलेल्याला वरची पायरी द्यायला हवी. १९६३ सालीच हायाओ मियाझाकी नावाचा तरुण तोएईत इनबिटवीनर म्हणून लागला आणि ओत्सुकांच्या टेबलाभोवती घडला. ओत्सुका पुढे ‘ल्युपिन’च्या १९७१च्या पहिल्या मालिकेचे ॲनिमेशन दिग्दर्शक झाले. १९७८ साली मियाझाकींनी ‘फ्यूचर बॉय कोनान’ ही मालिका दिग्दर्शित केली, तेव्हाही ॲनिमेशन दिग्दर्शक ओत्सुकाच होते. उतारवयात त्यांनी नव्या ॲनिमेटरांना शिकवण्याचेच काम केले. २०२१ साली ते गेले, तेव्हा त्यांच्या शिष्यांचेही शिष्य टेबलांवर बसलेले होते.

राममोहन यांच्या वाट्याला हा रतीब आला नाही. फिल्म्स डिव्हिजनच्या छोट्या फिती मुख्य चित्रपटाआधी देशभरच्या टॉकीजमध्ये दाखवल्या जात, पण त्या विषयागणिक सुट्या होत्या. १९६८ साली ते तिथून बाहेर पडले आणि १९७२ साली त्यांनी स्वतःची राममोहन बायोग्राफिक्स काढली. जाहिराती केल्या, ‘भुवन शोम’ आणि ‘शतरंज के खिलाडी’साठी चित्रे हलवली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, युनिसेफच्या मोहिमेसाठी ‘मीना’ घडवली. प्रत्येक काम देखणे होते आणि प्रत्येक काम संपले की पुढचे शोधावे लागत होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या भीमसेन यांनी १९७४ साली केलेली ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवर पिढ्यान् पिढ्या पाहिली गेली. तिच्यामागे विजया मुळे यांची कल्पना होती आणि वसंत देसाई यांचे संगीत. ती सुमारे सात मिनिटांची आहे. तिच्या दर्जाची आठवड्याला एक फीत, वर्षभर, असे त्या काळी झाले असते, तर मुंबईत किती इनबिटवीनर तयार झाले असते याचा विचार मराठी वाचकाने जरूर करावा. पुस्तकाचे सगळे म्हणणे या एका तुलनेवर उभे आहे. ॲनिमेटर घडतो तो नियमित कामातून. गुणवत्ता घेऊन येणारे दोन्हीकडे होते. आठवड्याचा भाग मात्र एकीकडेच होता.

हे दोन प्रवाह एकदा भेटले. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर १९८३च्या सुमारास माहितीपट करणारे जपानचे युगो साको रामायणाच्या प्रेमात पडले. त्यांनी राममोहन आणि कोइची सासाकी यांना सोबत घेऊन ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट १९९२ साली पूर्ण केला. चित्रे जपानी पद्धतीची, संगीत वनराज भाटिया यांचे. धोतर नेसलेला माणूस पायऱ्या चढताना निरी कशी सावरतो, मोठ्यांसमोर हात कसे जोडतो, या गोष्टी जपानी चित्रकारांना समजावून देण्याचे काम भारतीय बाजूने केले. जानेवारी २०२५मध्ये तो नव्याने उजळून भारतीय चित्रपटगृहांत पुन्हा लागला. जे मराठी प्रेक्षक तो पाहून आले त्यांनी ओत्सुका आणि राममोहन या दोघांच्या परंपरा एकाच पडद्यावर पाहिल्या.

जपानी टीव्ही ॲनिमेशनमधली घराणी नवख्या वाचकाला ओळखता यावीत, हा पुस्तकाचा दुसरा हेतू आहे. ढोबळ मानाने तीन सांगता येतील.

पहिले तोएईचे. इथे हालचालीवर निष्ठा आहे, आणि रोजच्या जगण्यावर. इसाओ ताकाहाता, मियाझाकी आणि पात्रांचे रेखाटन करणारे योइची कोताबे १९७३ साली स्वित्झर्लंडला गेले, तिथली घरे, कुरणे, शेळ्या पाहून आले, आणि १९७४ साली ‘हायडी’चे ५२ भाग झाले. त्या वर्षभरात प्रत्येक भागातल्या दृश्यांची मांडणी मियाझाकींनी केली. हायडी पोटमाळ्यावर गवताची गादी घालते, आजोबा विस्तवावर चीज वितळवतात, एवढ्याशा प्रसंगांना तिथे भरपूर वेळ मिळतो. टीव्हीची काटकसर पाळूनही माणसाचे वागणे किती बारकाईने दाखवता येते, याचा हा वस्तुपाठ मानला जातो.

दुसरे मुशीचे. कमी चित्रांना इथे उणीव मानले नाही. त्यातून भाषा घडवली. ‘आशिता नो जो’ ही १९७०ची मुष्टियोद्ध्याची मालिका करणाऱ्या ओसामु देझाकी यांनी आणीबाणीच्या क्षणी हालचाल थांबवून पडदा एका रंगवलेल्या चित्रात गोठवला. मुशीतून बाहेर पडलेल्यांनीच १९७२ साली मॅडहाऊस आणि सनराइज हे स्टुडिओ उभे केले. सनराइजची ‘गंडाम’ १९७९ साली आली.

तिसरे एकट्या ॲनिमेटरच्या हाताचे. योशिनोरी कानादा यांनी सत्तरीच्या दशकात दृष्टिकोन मोडले, अंगे वेडीवाकडी ताणली, स्फोट आणि ठिणग्यांना स्वतःचे आकार दिले. प्रेक्षक त्यांचा तुकडा नाव न वाचता ओळखू लागले. मालिका एकाची आणि तिच्यातले अर्धे मिनिट दुसऱ्याचे, अशी दाद देण्याची सवय प्रेक्षकांना तिथून लागली.

या सगळ्याची किंमतही सांगितली पाहिजे, आणि पुस्तक ती लपवत नाही. १९७२ साली तोएईत टाळेबंदी झाली. त्या दशकात पगारी नोकऱ्या आटत गेल्या आणि चित्रामागे पैसे देण्याची पद्धत रुळली. इनबिटवीन आणि रंगकाम कोरियात, पुढे फिलिपिन्समध्ये जाऊ लागले. जपानी ॲनिमेटरांच्या संघटनेची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सगळ्या ॲनिमेटरांची सरासरी वार्षिक कमाई ३३ लाख येनच्या आसपास निघाली आणि इनबिटवीनरची जेमतेम ११ लाख. टोकियोत एवढ्यात खोलीभाडे आणि जेवण भागत नाही. शिडीची पहिलीच पायरी इतकी कुजली की वर चढणारे कुठून येणार, हा आज जपानपुढचा प्रश्न आहे. ज्या मुलाला या धंद्यात जायचे आहे त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी हे आकडे आधी वाचावेत.

स्त्रियांची वाट आणखी चढणीची होती. शाई आणि रंग भरण्याच्या विभागात बायका पुष्कळ, की ॲनिमेटरच्या टेबलावर मोजक्या. तोएईतल्या रेइको ओकुयामा यांनी लग्नानंतर आणि मूल झाल्यावरही ते टेबल सोडले नाही. त्यांच्या आयुष्यावरून सुचलेली ‘नात्सुझोरा’ ही मालिका जपानच्या एनएचके वाहिनीने २०१९ साली सकाळच्या वेळात दाखवली. गीतांजली राव मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकल्या आणि राममोहन यांच्या स्टुडिओत उमेदवारी करून पुढे ‘प्रिंटेड रेनबो’ व ‘बॉम्बे रोज’पर्यंत पोचल्या. त्यांचे नाव या ओळीत यायलाच हवे.

परभणीच्या वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल ते प्रकरण मात्र टोकियोबाहेरचे आहे. मुशीमध्ये रंगकाम केलेल्या योको हात्ता लग्नानंतर क्योटोजवळच्या उजी या चहासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी आल्या. शेजारच्या गृहिणींना हाताशी धरून त्यांनी सेलवर, म्हणजे चित्र उतरवलेल्या पारदर्शक पत्र्यावर, रंग भरण्याची कामे घेतली. त्यातून १९८१ साली क्योटो ॲनिमेशन उभे राहिले. चित्रामागे पैसे देण्याऐवजी पगार, बाहेरून माणसे आणण्याऐवजी स्वतःची शाळा, ही त्यांची रीत. तिचा परिणाम पडद्यावर दिसतो : केसांची बट, बुटांची नाडी, वाद्यावरची बोटे, सगळे जिथल्या तिथे. १८ जुलै २०१९ रोजी त्या स्टुडिओला लावलेल्या आगीत ३६ जण गेले. वर्षानुवर्षे शेजारी बसून घडलेली माणसे गेली. तरीही स्टुडिओ पुन्हा कामाला लागला, कारण शिकवण्याची व्यवस्था शाबूत होती. तोयामा प्रांतातल्या पी. ए. वर्क्सनेही राजधानीपासून दूर राहून नाव कमावले, आणि ॲनिमेशन करणाऱ्यांच्या धावपळीवरच ‘शिरोबाको’ ही मालिका केली.

हा विषय आत्ताच का? एक तर मुले आता जपानी मालिका नावानिशी मागून पाहतात. सप्टेंबर २०२५मध्ये ‘डेमन स्लेअर’चा नवा चित्रपट भारतीय चित्रपटगृहांत लागला तो लहान मुलांच्या सुट्टीचा खेळ म्हणून नव्हे. दुसरे म्हणजे तो रतीब आता इथेही सुरू झाला आहे. हैदराबादेतून २००८पासून ‘छोटा भीम’ येतो. मुंबईतून २०१२पासून ‘मोटू पतलू’ आली आणि तिच्या दिग्दर्शनाची धुरा सुहास कडव यांनी वाहिली. संगणकाने कागद, सेल आणि कॅमेरा बाजूला सारले. जपानमध्ये १९६९पासून चाललेली ‘साझाए-सान’ तेवढी २०१३पर्यंत सेलवर तग धरून होती. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि त्याच्या जोडीच्या कलांसाठी मुंबईत राष्ट्रीय केंद्राला मंजुरी दिली. काम येते आहे. शिकवणारी टेबले त्याच वेगाने वाढली पाहिजेत.

आणि मराठवाड्याकडे कच्चा माल आहे. दरवर्षी शाळाशाळांतून मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचे कागद रंगवतात. स्मरणचित्रात बैलगाडी, बाजार, पाणवठा काढताना माणसे कशी वाकतात, ओझे कसे उचलतात, हे डोळ्यांत साठवावे लागते. वर सांगितलेल्या हातोड्याच्या सरावाची ती पहिली यत्ता आहे. प्रमाणपत्र मिळाले की बहुतेकांची पेन्सिल तिथेच थांबते, कारण पुढे काय हे सांगणारे कोणी भेटत नाही.

ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे. पुस्तकाची रचना नावाजलेल्या दिग्दर्शकांच्या चरित्रांप्रमाणे न करता ॲनिमेटरच्या आयुष्याच्या टप्प्यांप्रमाणे केली आहे : प्रवेश, उमेदवारी, पहिला स्वतंत्र तुकडा, इतरांची चित्रे सुधारण्याची जबाबदारी, आणि शेवटी शिकवणे. प्रत्येक टप्प्यावर जपानी माणसांसोबत मुंबईची माणसेही उभी केली आहेत, म्हणजे कुठे वाट मिळाली आणि कुठे ती खुंटली हे शेजारी-शेजारी दिसेल. सॉफ्टवेअर शिकवण्याचा दावा इथे नाही. ते दर दोन-तीन वर्षांनी बदलते. मियाझाकी आणि ताकाहाता यांच्या घिबली स्टुडिओच्या चित्रपटांनाही जाणीवपूर्वक थोडीच जागा दिली आहे. त्यांच्यावर जगभर भरपूर लिहिले गेले आहे, आणि ते करणारे हात आधी टीव्हीच्या कोणत्या मालिकांवर तयार झाले हे इथे महत्त्वाचे मानले आहे.

वाचताना एखादी मालिका जवळ ठेवावी. ‘हायडी’चा कोणताही भाग चालेल. एक मिनिट निवडावे, थांबवत थांबवत पुढे न्यावे आणि चित्र कधी बदलते ते मोजावे. चित्रकलेच्या शिक्षकांनी हाच प्रयोग वर्गात करून पाहावा, आणि मग मुलांच्या हातात पाच-सहा कोरे कागद देऊन हातोडा उचलणारा मुलगा काढायला सांगावा.